आचार्यांचा आचारी होतो तेव्हा : मजकुराच्या रूपांतराची कथा

१९९०च्या दशकात संगणकावर टाइप केलेली मराठी प्रश्नपत्रिका आजच्या संगणकावर उघडली, तर बहुतेक वेळा पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, टक्क्याची चिन्हे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसते. त्याच प्रश्नपत्रिकेची छापील प्रत मात्र अजून स्वच्छ वाचता येते. कागद पिवळा पडला तरी मजकूर टिकला. फाईल जशीच्या तशी राहिली तरी मजकूर हरवला. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायचे तर मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्याच्या इतिहासात शिरावे लागते. असे काम करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींना आपण रूपांतरक म्हणू. त्यांची कथा आम्ही येथे मराठीच्या अंगाने सांगणार आहोत आणि काही उदाहरणे आमच्या नाशिकची घेणार आहोत. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, १९३८ साली सुरू झालेले ‘गांवकरी’ हे दैनिक, १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अशा मराठी मजकूर निर्माण करणाऱ्या आणि जपणाऱ्या संस्था या गावात आहेत. मुक्त विद्यापीठाचे शिक्षण तर छापील मराठी पुस्तकांच्या आधारावरच उभे राहिले. मजकूर वाचता येणे वा न येणे हा अशा गावात केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न राहत नाही.

मोडीतून बाळबोधीत

रूपांतराची अडचण संगणकाने आणलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात. त्यांतील जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत आहेत. मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि लेखणी कमीत कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडण्याची किंवा विरामचिन्हे देण्याची चाल नव्हती. इकार-उकारांतील ऱ्हस्व-दीर्घ भेदही बहुधा पाळला जात नसे.

आता मोडीतील एक ओळ बाळबोधीत उतरवायची आहे असे समजा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. मोडीत या जोड्या एकसारख्याच लिहिल्या जातील. उतरवून घेणारा जाणकार असेल तर तो संदर्भ पाहून योग्य शब्द निवडील. म्हणजे जी माहिती कागदावर नाही ती तो स्वतःच्या डोक्यातून भरील. याउलट बाळबोधीतून मोडीत जाताना काहीच अडत नाही. फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा भेद वाटेत गळून पडतो, आणि गळला हे त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही.

गणिताच्या शिक्षकांना यात ओळखीची गोष्ट दिसेल. दोन वेगळ्या घटकांची प्रतिमा एकच झाली की फलन एकास-एक राहत नाही. आणि जे फलन एकास-एक नाही त्याचे व्यस्त फलन मिळत नाही. ज्या रूपांतरात दोन वेगळ्या गोष्टी एक होतात, ते रूपांतर कोणत्याही यंत्राला उलटवता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

खुणा कशासाठी?

कोणत्याही छापील पानावर अक्षरांखेरीज आणखी काही असते. मथळा मोठा असतो, व्याख्या ठळक असते, घातांक वर चढवलेला असतो. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात संपादक हस्तलिखिताच्या समासात याविषयीच्या सूचना लिहीत: हा मथळा मोठ्या टाइपात, हा शब्द ठळक, येथून नवा परिच्छेद. जुळारी त्या खुणा पाहून खिळे जुळवी. या खुणा छापायच्या नसत, पण त्यांच्यावाचून छपाई होत नसे. इंग्रजी छापखान्यांत याला मार्कअप म्हणत. आपण खुणांकन म्हणू.

संगणकावर मजकूर तयार होऊ लागला तेव्हा या खुणा फाईलमध्येच लिहिण्याची पद्धत पडली. पण प्रत्येक यंत्राच्या खुणा वेगळ्या. शिवाय त्या ‘टाइप मोठा कर’, ‘दोन ओळी सोड’ अशा थेट आज्ञा असत. यंत्र बदलले की सर्व खुणा निरुपयोगी. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिली कचेऱ्यांतील कागदपत्रांवर काम करत होते. त्यांनी वेगळा मार्ग धरला. मजकूर कसा दिसावा हे न लिहिता तो काय आहे हे लिहायचे. ‘हे अठरा पॉइंटात ठळक छाप’ असे नव्हे, तर ‘हा मथळा आहे’ असे. मथळा कसा छापायचा ते छापणारे यंत्र ठरवील. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला जीएमएल हे नाव मिळाले. तिचीच पुढची आवृत्ती एसजीएमएल १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली. वेबपानांची एचटीएमएल त्याच कुळातली, आणि १९९८ साली आलेली एक्सएमएलही. एक्सएमएलमध्ये खुणांची नावे देवनागरीतही ठेवता येतात. ‘मथळा’, ‘प्रश्न’, ‘गुण’ अशा खुणांची प्रश्नपत्रिका त्या नियमांत बसते.

खुणा हरवल्या तर काय होते ते एका साध्या उदाहरणात पाहू. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘१०³ मीटर’ असे छापले आहे. फाईलमध्ये एक, शून्य आणि तीन हे अंक असतात. तीनच्या आधी ‘येथून घातांक’ आणि नंतर ‘घातांक संपला’ अशी खूण असते. रूपांतरकाला या खुणा कळल्या नाहीत आणि त्याने त्या टाकून दिल्या, तर उरते ‘१०३ मीटर’. किलोमीटरभर अंतर एकशेतीन मीटरांवर येते. पान पाहून कोणालाही संशय येणार नाही, कारण अक्षर एकही चुकलेले नाही.

खिळ्यांची पेटी संगणकात

मराठीत या अडचणीत आणखी एका अडचणीची भर पडली. त्या काळच्या वैयक्तिक संगणकात एका अक्षरासाठी आठ बिट, म्हणजे २५६ घरे उपलब्ध असत. त्यांतली काही यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखलेली. इंग्रजीला शंभराहून कमी घरे पुरतात. देवनागरीत मात्र स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, रकार आणि जोडाक्षरे यांची खुली मांडणी केली तर घरांची ओढाताण होते. त्यात तेव्हाच्या संगणकप्रणालींना देवनागरीची जुळणी करणे ठाऊक नव्हते.

डी.टी.पी.साठी आज्ञावली करणाऱ्यांनी यावर व्यवहारी तोड काढली. फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कोठे अर्धा ‘ण’, कोठे नुसता काना, कोठे रफार. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहिला. डोळ्यांना तेवढा मराठी दिसू लागला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, शिवाय शिवाजी आणि कृतिदेव हे फॉन्ट ही नावे त्या काळात टंकलेखन केलेल्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. सरकारी कचेऱ्यांत ‘योगेश’ आणि ‘सुरेख’ हे फॉन्ट घरचेच झाले होते.

ही पद्धत समजण्यासाठी छापखान्यातील खिळ्यांची पेटी डोळ्यांपुढे आणावी. पेटीत घरे असतात आणि कोणत्या घरात कोणता खिळा ते त्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला पाठ असते. आता एखाद्याने शब्द न लिहिता फक्त घरांचे क्रमांक लिहून ठेवले तर? त्याच पेटीवर ते क्रमांक वापरून मजकूर हुबेहूब जुळवता येईल. दुसऱ्या छापखान्यात पेटीची मांडणी वेगळी असेल, तर तेच क्रमांक निरर्थक ठरतील. १९९०च्या दशकातील बहुतेक मराठी फायली म्हणजे अशा क्रमांकांच्या याद्या आहेत. पेटी म्हणजे मूळ फॉन्ट. तो संगणकावर नसला की संगणक त्या क्रमांकांना आपली रोमन अक्षरे लावून मोकळा होतो. सुरुवातीला सांगितलेल्या खिचडीचे कारण हेच.

या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण योग्य नाही. तिच्यामुळे गल्लीतल्या डी.टी.पी. केंद्रावर लग्नपत्रिकेपासून घटक चाचणीपर्यंत सर्व काही मराठीत छापून मिळू लागले. तिचा हेतू छापणे हा होता आणि तो तिने पार पाडला. पुढे कोणी हा मजकूर शोधील, दुसऱ्या स्वरूपात नेईल, ही गरज तेव्हा समोर उभी नव्हती.

ध्वनी साठवणारे दुसरे घराणे

त्याच काळात दुसऱ्या बाजूने विचार करणारेही होते. आयआयटी कानपूर येथे १९८०च्या दशकात भारतीय लिपींसाठी काम चालू होते. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने तेथे आकाराला आलेले जिस्ट तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. या कामातून ‘इस्की’ ही संकेतपद्धती घडली. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिचे मुख्य सूत्र असे: ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींत वर्णमाला जवळजवळ एकच आहे, म्हणून ‘क’चा क्रमांक देवनागरी, गुजराती, कन्नड या सर्वांत एकच ठेवावा. साठवायचा तो वर्ण, म्हणजे ध्वनी. आकाराची काळजी फॉन्टने घ्यावी. लिपी बदलायची किंवा अक्षर ठळक करायचे तर त्यासाठी इस्कीत एक खास खूणही राखून ठेवलेली होती.

परदेशातही असेच विचार चालू होते. अमेरिकेतील डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली गणिती मजकूर छापण्यासाठी टेक ही खुणांकनपद्धती आणली होती. तिला देवनागरी समजत नसे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्तहाइस यांनी १९९१ साली त्यासाठी देवनागरी अक्षरसंच आणि एक पूर्वप्रक्रिया करणारी आज्ञावली तयार केली. मजकूर साध्या रोमन अक्षरांत, उच्चाराप्रमाणे लिहायचा. ‘त’साठी टी आणि ‘ट’साठी टीच्या आधी टिंब. देवनागरीचा भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे खुणांनी दाखवायचे. आज्ञावली तो भाग टेकला समजेल अशा रूपात बदलून देई. याच सुमारास अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स ही आज्ञावली विकसित केली. तिची झेप मोठी होती. एकाच फाईलमध्ये मराठी, गुजराती, तमिळ असे भाग खुणांनी वेगळे दाखवता येत, आणि त्या एका फाईलपासून टेक, पोस्टस्क्रिप्ट, एचटीएमएल अशी वेगवेगळी फळे काढता येत. १९९०च्या दशकात अनेक हौशी मंडळींनी, त्यांत परदेशातलेही पुष्कळ, स्तोत्रे आणि चित्रपटगीते या पद्धतीने टाइप करून ठेवली.

या दोन घराण्यांची आज तुलना केली तर नवल वाटते. रोमन अक्षरांत लिहिलेली आयट्रान्सची फाईल दिसायला ओबडधोबड. पण तिच्यात ध्वनी आहे आणि खुणा आहेत, म्हणून ती आज एका क्षणात शुद्ध देवनागरीत येते. फॉन्टमधली फाईल कागदावर देखणी. पण तिच्यात ध्वनीची नोंद नाही, फक्त चित्रांच्या तुकड्यांची नोंद आहे. म्हणून तिच्यासाठी खास रूपांतरक लिहावा लागतो.

‘नािशक’चे ‘नाशिक’ कसे होते?

असा रूपांतरक नेमके काय करतो? पहिली पायरी सोपी वाटते. तक्ता करायचा: जुन्या फॉन्टच्या या घरात हा तुकडा, त्याचा नवा संकेत हा. पण एवढ्याने भागत नाही. ‘नाशिक’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दिसणारा क्रम न, काना, ऱ्हस्व वेलांटी, श, क असा आहे. जुन्या फाईलमध्ये हाच क्रम साठवलेला असतो. उच्चाराचा क्रम मात्र न, काना, श, वेलांटी, क असा आहे. नुसता तक्ता लावला तर ‘नािशक’ असे काहीतरी उमटते. जुन्या फायलींतून उतरवलेल्या मजकुरात हे रूप अनेकांनी पाहिले असेल.

मग नियम करू: वेलांटी दिसली की ती पुढच्या अक्षरापलीकडे न्यावी. ‘नाशिक’ सुधारले. पण ‘अस्तित्व’मध्ये दिसणारा क्रम अ, वेलांटी, अर्धा स, त असा आहे. वेलांटी एकच अक्षर पुढे नेली तर ती अर्ध्या ‘स’ला चिकटते आणि शब्द मोडतो. म्हणून नियम सुधारावा लागतो: मधली सर्व अर्धी अक्षरे ओलांडून पहिल्या पूर्ण अक्षरानंतर वेलांटी ठेवावी.

रफाराचा प्रवास उलट्या दिशेचा. ‘मूर्ती’मध्ये र-चा उच्चार त-च्या आधी होतो, पण रफार चढतो तो ‘ती’च्या डोक्यावर. दिसण्याच्या क्रमाने लिहिले तर म, ऊकार, त, दीर्घ वेलांटी, रफार. येथे रफार मागे न्यायचा, वेलांटी ओलांडायची, ‘त’ही ओलांडायचा आणि त्याच्या आधी ठेवायचा. ‘निर्मिती’ या शब्दात दोन्ही गोष्टी एकाच जागी येतात. म-भोवतीचा दिसणारा क्रम वेलांटी, म, रफार असा आहे. आधी वेलांटी म-च्या पुढे न्यावी, मग रफार त्या दोघांच्या मागे न्यावा, म्हणजे र्, म, वेलांटी हा खरा क्रम मिळतो.

काही फॉन्टमध्ये घरे वाचवण्यासाठी ‘ण’, ‘ग’, ‘श’ यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर अधिक उभी रेघ अशी जोडून काढत. तेथे एका रेघेने अक्षर पूर्ण होते आणि दुसऱ्या रेघेने काना लागतो. रूपांतरकाला रेघा मोजाव्या लागतात.

आता शीर्षकातल्या आचाऱ्याकडे वळू. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत फरक एका आडव्या वळणदार रेषेचा आहे. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला हा अर्धा र मराठीला हवाच; हिंदीला त्याची गरज पडत नाही. रूपांतरकाचा तक्ता हिंदी मजकूर समोर ठेवून केला असेल आणि त्यात या र-साठी जागा ठेवलेली नसेल, तर दोन्ही र एक होतात. मोडीतल्या ‘दिन’ आणि ‘दीन’ची गोष्ट येथे पुन्हा घडली. एकदा असा मजकूर तयार झाला आणि मूळ फाईल फेकून दिली, की कोणत्या पंक्तीला कोण बसले होते हे यंत्र सांगू शकणार नाही.

शेवटची मेख खुणांची. रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मराठी वाक्यात रोमन लिपीतली सूत्रे असतात. जुन्या फाईलमध्ये मराठीही रोमन घरांतच साठवलेले. मग कोठला भाग खरोखरीचा रोमन आणि कोठला मराठी? हे सांगणारी एकच गोष्ट फाईलमध्ये असते: ‘येथून अमुक फॉन्ट’ ही खूण. कोणी सोय म्हणून ती फाईल साध्या मजकुराच्या रूपात साठवली असेल तर फॉन्टची खूण जाते, आणि पाण्याच्या सूत्राचे रूपांतर मराठी अक्षरांच्या कडबोळ्यात होते. म्हणून चांगला रूपांतरक आधी खुणा वाचतो आणि मग अक्षरांना हात घालतो.

मधला थांबा

फॉन्ट जितके तितके तक्ते लागणार हे उघड आहे. पण प्रत्येक स्वरूपातून प्रत्येक स्वरूपात जायचे ठरवले तर किती रूपांतरक लागतील? दहा स्वरूपे असतील तर प्रत्येकातून उरलेल्या नवांकडे, म्हणजे १० × ९ = ९०. वीस असतील तर ३८०. त्याऐवजी सर्वांना समजेल असे एक मधले स्वरूप ठरवले आणि प्रत्येकासाठी तेथे येण्याची व तेथून जाण्याची अशा दोनच वाटा केल्या, तर दहांसाठी २० आणि वीसांसाठी ४० रूपांतरक पुरतात. लहान गावांच्या एस.टी. गाड्या जिल्ह्याच्या स्थानकावर आणून सोडतात, त्यामागचा हिशेब हाच.

देवनागरीपुरते हे मधले स्थानक युनिकोडने दिले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. भारतीय लिपींची तिच्यातील मांडणी १९८८च्या इस्कीवर आधारलेली आहे, आणि तिची खूण आजही दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, गुजराती ‘क’चा २७०९ आणि कन्नड ‘क’चा ३२२१ आहे. म्हणजे देवनागरीतून गुजरातीत जायला ३८४ आणि कन्नडमध्ये जायला ८९६ मिळवावे लागतात. ‘ळ’ घेतला तरी हेच अंतर येते: २३५५, २७३९ आणि ३२५१. पण युनिकोड लोकांच्या संगणकात पोहोचायला वेळ लागला. विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘मंगल’ हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. त्याची अक्षरे मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेली आहेत.

खुणांच्या बाबतीत हीच कल्पना वापरणारी एक प्रसिद्ध आज्ञावली पॅनडॉक या नावाची आहे. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ती २००६ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध केली. पॅनडॉक कोणतीही फाईल वाचून आधी तिचा एक वृक्ष मनात उभा करते: हा लेख, त्याखाली हे मथळे, त्याखाली हे परिच्छेद, त्यात हा ठळक शब्द. मग त्या वृक्षावरून हव्या त्या स्वरूपातील फाईल लिहिते. वाचणारा आणि लिहिणारा भाग वेगवेगळे असल्यामुळे नवे स्वरूप आले की सगळे पुन्हा लिहावे लागत नाही. मात्र मधल्या वृक्षात ज्या गोष्टीला जागा नाही ती गोष्ट पलीकडे पोहोचत नाही, हेही ओघाने आलेच.

युनिकोड आल्यावरही

आता सर्व मजकूर युनिकोडमध्ये आला की प्रश्न मिटला, असे वाटेल. तसे नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना रोज लागणारे ‘ॲ’ हे अक्षर, ‘ॲसिड’ आणि ‘ॲल्युमिनियम’मधले, युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र देऊन, नाहीतर हिंदीतल्याप्रमाणे ‘ए’वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच चालतात. संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात आणि शोधताना दोन सुटतात. तसेच ओकाराचे. ‘ओ’ची खूण एकसंध असायला हवी, पण काना आणि मात्रा असे दोन तुकडे लावूनही पडद्यावर तसेच दिसते. जुन्या फॉन्टमधून घाईने उतरवलेल्या मजकुरात हे तुकडे जागोजागी सापडतात. येथे रूपांतरकाने दोन रूपांचे एक केले तर ते नुकसान नव्हे, दुरुस्ती आहे. आचार्य-आचारी हा भेद अर्थाचा आहे. काना-मात्रेच्या तुकड्यांचा भेद केवळ सवयीचा आहे. कोणता भेद राखायचा आणि कोणता पुसायचा हे यंत्र ठरवू शकत नाही. ते भाषा जाणणाऱ्याने आधी ठरवून द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या परिचयाची आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची प्रमाण रूपे ठरवून दिली; त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच. कोणता आकार दाखवायचा हे फॉन्टला कळावे म्हणून ‘हा मजकूर मराठी आहे’ अशी खूण लागते. म्हणजे संकेत एक झाले तरी खुणांकनाची गरज संपली नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

या विषयासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना कागदाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. एका चिठ्ठीवर एकच तुकडा: व्यंजन, अर्धे अक्षर, काना, वेलांटी, रफार. पहिल्या गटाने एखादा शब्द दिसण्याच्या क्रमाने मांडावा, दुसऱ्याने उच्चाराच्या क्रमाने. मग एका क्रमातून दुसऱ्यात जाण्याचे नियम मुलांनीच शोधावेत. ‘नाशिक’, ‘अस्तित्व’, ‘मूर्ती’, ‘निर्मिती’ या शब्दांवर नियम पारखून घ्यावेत आणि शेवटी ‘प्रिय’ द्यावा. प-खालचा रकार वेगळ्या चिठ्ठीवर असेल तर आधीचा नियम पुरतो का? बहुधा त्यात एक पोटनियम घालावा लागेल. नियम लिहिणे, तो मोडणारे उदाहरण शोधणे आणि नियम सुधारणे हे विज्ञानाचेच काम आहे.

रूपांतर बरोबर झाले की नाही हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे: मजकूर पलीकडे नेऊन पुन्हा मूळ स्वरूपात आणावा आणि पहिल्याशी ताडून पाहावा. जेथे फरक पडेल तेथे थांबून तो भेद अर्थाचा होता की सवयीचा, हे पाहावे.

आणि शाळेच्या कपाटातील जुन्या फायलींचे काय? त्या रूपांतरित जरूर कराव्यात, पण मूळ फाईल पुसू नये. तिच्याबरोबर मूळ फॉन्टही जपून ठेवावा आणि एक छापील प्रतही. तक्ता पुढे कधी सुधारला तर तो लावायला मूळ मजकूर हाताशी हवा. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. आज तिच्यातली वही संगणकावर मोडीतच लिहून ठेवता येते. पण त्या वहीतला माणूस दिन होता की दीन, हे सांगायला आजही मोडी जाणणारा वाचकच लागतो. आपल्या काळातल्या फायलींवर पन्नास वर्षांनी तशी वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर आज मजकूर लिहिताना मथळ्याला मथळा म्हणून, घातांकाला घातांक म्हणून आणि मराठीला मराठी म्हणून खूण करून ठेवावी. त्याला वेळ फारसा लागत नाही.